कॉल केला का?

इतवारीतील एका कापड पेढीच्या माळ्यावरची कागदपत्रे आवरताना नातवाच्या हाती मुंबईच्या व्यापाऱ्याचे १९५७ सालचे इंग्रजी पत्र लागले. 'आमचे प्रतिनिधी गुरुवारी आपणांस कॉल करतील,' अशा आशयाचे वाक्य त्यात होते. नातवाला कोडे पडले, कारण पेढीवर टेलिफोन आला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. आजोबा हसले. तो गृहस्थ रेल्वेने आला, गादीवर बसला, कापडाचे नमुने दाखवले आणि सूर्यास्तापूर्वी घरी जेवून गेला. पत्रातला कॉल म्हणजे भेटीस येणे.

हे क्रियापद इंग्रजीत जुन्या नॉर्स भाषेतून आले. मूळ अर्थ मोठ्याने हाक मारणे. पुढे नाव देणे (नावे ठेवणे नव्हे!), सभा बोलावणे, एखाद्याच्या दारी भेटीस जाणे असे अर्थ त्याला जडत गेले. टेलिफोनचा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे भावंडांत धाकटा. मराठीने मुख्यतः तेवढाच दत्तक घेतला. त्यात वावगे काही नाही. हाक, भेट, बोलावणे हे आपले शब्द होतेच. आणि 'बोलणे' व 'बोलावणे' यांत तर एका अक्षराचेच अंतर आहे.

व्यापारी घरांना हा शब्द शिकवला तो ट्रंक कॉलने. एक्स्चेंजकडे तो नोंदवायचा आणि मग ताटकळत बसायचे. साधा, अर्जंट, लायटनिंग असे चढते दर. ठरावीक माणूसच बोलायला हवा असेल तर पी. पी. कॉल. आकार तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने पडे, म्हणून काय विचारायचे ते आधीच कागदावर टिपून ठेवलेले असे. १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान देशातील पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि पुढे हळूहळू ती वाट पाहणेही संपले. आजोबांच्या तोंडी मात्र अजून 'कॉल लागला' असेच येते. जणू नशीबच लागले.

ज्या यंत्रामुळे हे घडले, त्यातून १० मार्च १८७६ रोजी ग्रॅहम बेल यांनी उच्चारलेले पहिले स्पष्ट वाक्य शेजारच्या खोलीतील सहकारी वॉटसन यांना 'इकडे या' असे सांगणारे होते. वॉटसन उठून आलेही.

त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी दुपारी नातवाने विचारले, "आजोबा, धाकट्या आजोबांना कॉल केला का?" पेढीच्या वाटणीपासून अकरा वर्षे दोघा भावांत बोलणे नव्हते. क्षमेचा संदेश दरवर्षी मोबाइलवरून जाई, सर्वांना जातो तोच.

"केला. उचलला नाही."

"मग पत्रातला कॉल करून पाहा."

आजोबा काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी टोपी मागितली. रिक्षाने दोघे धरमपेठेत पोहोचले तेव्हा उन्हे कलली होती. दार धाकट्या भावानेच उघडले. आजोबांनी हात जोडले. शब्द काही फुटेना. धाकटे क्षणभर तसेच उभे राहिले, मग दारातून बाजूला झाले.

"या दादा, आत या. सूर्य मावळायला अवकाश आहे. जेवूनच जा."