करवतीचा घास

लाकूड कापले म्हणजे त्याचे दोन भाग होतात, असे ज्यांना वाटते त्यांनी लाकडाच्या गिरणीत कधी पाऊल टाकलेले नसावे. लाकूड कापले की त्याचे तीन भाग होतात. दोन भाग गिऱ्हाईक घेऊन जाते; तिसरा करवत खाते. आमचे आजोबा त्याला ‘करवतीचा घास’ म्हणत. नवे गिऱ्हाईक हिशेब घालू लागले, की ते आधी या घासाची समज देत आणि मगच भाव सांगत.

येथे जबलपुरास आमच्या कचेरीत कोणी घरची चौकशी केली, की ‘वडिलांचा लाकडाचा व्यवसाय आहे’ असे आम्ही सांगतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच सागाच्या थप्प्या, मालमोटारी आणि गादीवर बसलेले शेटजी उभे राहतात. या गैरसमजाने आमचे नुकसान काहीच होत नाही, म्हणून तो आम्ही दूर करीत नाही. वस्तुस्थिती अशी, की सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मुंबई-गोवा महामार्गापासून थोडे आत, पत्र्याच्या छपराखाली छत्तीस इंच व्यासाची एक गोल करवत होती. ती आजोबांनी १९६६ साली बसविली. आधी तिला तेलाचे इंजिन होते, पुढे विजेची मोटर आली. पण पट्टा, लोखंडी मेज आणि तिच्यापुढे उभा राहणारा आमच्याच घरातला माणूस, यांत काही बदल झाला नाही.

गोल करवत दिसायला सोपी आणि वागवायला कठीण. तिचे दात एकाआड एक उजवीकडे आणि डावीकडे किंचित वाकवावे लागतात. तसे न केले तर पाते लाकडात घासते, तापते आणि डुलू लागते. पात्याची जाडी आणि दातांचा हा कल मिळून घास होतो सुमारे तीन षोडशांश इंचाचा. म्हणजे पाच वेळा करवत फिरली, की एक इंच जाडीची जवळजवळ एक फळी भुशात जमा. शिवाय पात्याच्या निम्म्या व्यासाइतकेही खोल कापता येत नाही, कारण मधला आस आणि मेज आड येतात. मोठा ओंडका आला तर तो उलटून दोन्ही बाजूंनी कापावा लागे. रस्त्याकाठच्या झाडात कोणी कधी ठोकलेला खिळा दडलेला असे. लोखंडाच्या अवतीभवती लाकूड निळसर काळे पडते. आजोबा तो डाग शोधण्यासाठी ओंडक्यावरून असा हात फिरवीत, की जणू विकत घ्यायच्या बैलाची पाठच चाचपून पाहत आहेत.

करवतीने खाल्लेला घास मात्र आमच्या घरात वाया जात नसे. आजी भुशाच्या शेगडीवर रांधी. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, खालच्या भोकातून एक दांडका तिला भिडवायचा, भोवती भुसा ठासून भरायचा आणि मग बाटली व दांडका अलगद काढून घ्यायचे. खालून पेटवलेली ती शेगडी तासन् तास एका लयीत जळे. अंघोळीच्या बंबाला भुसा, गोठ्यात गुरांखाली भुसा, बर्फाच्या लाद्या झाकायला मासळीवाले नेत तोही भुसा. फणसाचा भुसा पिवळाधमक, ऐनाचा काळपट, आंब्याचा फिकट. शाळेतून येताच गिरणीच्या मागचा ढीग पाहून आज काय कापले गेले, हे आम्ही न विचारता सांगत असू.

आंब्याच्या लाकडाला आमच्याकडे तेव्हा मोठी मागणी असे, ती आंब्यासाठीच. हापूसच्या पेट्या लाकडी असत आणि त्यांच्या पातळ फळ्या आमच्यासारख्या लहान गिरण्यांत कापल्या जात. पुढे पुठ्ठ्याचे खोके आले. ‘पेटी’ हा शब्द राहिला, फळ्या गेल्या. परंतु १९९८ च्या मार्चमध्ये फळ्यांची घाई नेहमीसारखीच होती. ओल्या लाकडात ताण असतो; कापता कापता मागची फट मिटू लागते आणि पाते चिमटीत सापडते. मग पात्याचे मागून वर येणारे दात फळी उचलून कापणाऱ्याच्याच अंगावर भिरकावतात. म्हणून फटीत पाचर मारतात. त्या दिवशी पाचर निसटली आणि बाबांनी ती बसविण्यासाठी डावा हात पुढे केला.

आम्ही तेव्हा चौथीत होतो. बाबांची दोन बोटे गेली. इस्पितळातून आल्यावर त्यांनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही, फक्त आम्हांला जवळ बोलावून सांगितले, “तू करवतीपुढे उभा राहायचे नाहीस.” या वाक्यावर घरात पुढे कधी चर्चा झाली नाही. आम्ही शिकलो, पदवीधर झालो, कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेला बसलो. टंकलेखनाच्या चाचणीत आमची दहाही बोटे शाबूत होती आणि सरकारला नेमकी तीच हवी होती.

गिरणीला आमचा उपयोग राहिला तो लेखणीपुरता. बाहेरच्यांना वाटते, लाकूड आणले आणि कापले. प्रत्यक्षात प्रत्येक ओंडक्यामागे कागद चालतो: झाड तोडण्याची परवानगी, वाहतुकीचा पास, ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा, आणि गिरणीत आवक-जावक नोंदवही. आवक-जावकेचे नाव काढताच वाचकांपैकी कित्येकांना आपले टेबल आठवले असेल. आम्हांला मात्र कचेरीत पहिल्या दिवशी आवक-जावक विभागात बसविले तेव्हा आपली गिरणी आठवली होती. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात आदेश दिला आणि वनक्षेत्रात केंद्राच्या मान्यतेवाचून चालणारी वनेतर कामे थांबविली. त्यांत लाकडाच्या गिरण्याही होत्या. ३० ऑक्टोबर २००२ च्या आदेशाने तर केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीशिवाय नवी गिरणी उघडण्याची वाटच बंद झाली. पुढे २०१६ साली केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि तो विचार राज्यस्तरीय समित्यांकडे गेला. आमच्या गिरणीला परवाना होता आणि ती वनक्षेत्राबाहेर होती, म्हणून ती टिकली. जंगल वाचावे यासाठी झालेल्या या व्यवस्थेविरुद्ध आम्ही बोलणार नाही. उघडे पडत गेलेले डोंगर आम्हीही पाहिले आहेत. पण तिचा एक परिणाम कोणाच्याच ध्यानी आला नसेल. छपराखालच्या करवतीपेक्षा चौकटीत लावलेला तो परवाना मोलाचा झाला.

आणि त्या परवान्याने आमचे घर मोडू दिले नाही. आजोबा २०११ साली गेले. वर्षाच्या आत बाबा आणि काका यांची वाटणी झाली. घरात भिंत आली, चुली दोन झाल्या, माड मोजून झाले, विहिरीच्या पाण्याच्या वेळा ठरल्या. एका पोफळीवरून तर असे शब्द गेले, की दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. फक्त गिरणी वाटता येईना. करवत एक, परवाना एक, दुसरा मिळण्याची आशा नाही. परवान्यावर दोघांची नावे चढली.

गोल करवत एकट्याने चालत नाही. एकाने पुढून लाकूड सारायचे आणि दुसऱ्याने पलीकडे उभे राहून कापलेली फळी ओढून घ्यायची. दोघांची गती एक नसेल, तर काय होते ते बाबांच्या हातावर लिहिलेले होते. त्या वर्षी मजूर मिळेनात. मग बाबा पुढे उभे राहिले आणि काका मागे. आम्ही तेव्हा नोकरीच्या खटपटीत घरीच होतो आणि नोंदवही लिहीत बसलेलो असू. करवत सुरू झाली की त्या आवाजात शब्द ऐकू येतच नाहीत. सर्व बोलणे हाताने चालते: थांब, सावकाश, उलट, पाचर मार. घरी पाठ फिरविणारे दोघे भाऊ दिवसाचे सात-आठ तास असे समोरासमोर उभे राहून बोलत होते. बाबांच्या डाव्या हाताच्या तीन बोटांच्या खुणा काकांना जितक्या चटकन समजत, तितक्या आईलाही समजत नसत. कोणी कोणाची समजूत घातली नाही. पुढच्या चतुर्थीला काका गणपतीच्या आरतीला भिंतीच्या अलीकडे आले, एवढेच.

२०२३ च्या दिवाळीनंतर काकांकडून एक लिफाफा आला. आत संमतिपत्राचा मसुदा होता. बाबांनी भागीदारीतून निवृत्त व्हावे. चुलतभावाने कर्ज काढून, वनखात्याची परवानगी घेऊन, गोल करवतीच्या जागी पट्टा-करवत बसवावी. बाबांच्या अर्ध्या हिश्श्याची ठरलेली रक्कम हप्त्यांनी द्यावी. बाबांचा आग्रह असा, की आमची सही झाल्याशिवाय ते स्वतः सही करणार नाहीत.

दुसऱ्याच्या टेबलावर कागद आठ दिवस पडून राहिला तर स्मरणपत्र धाडणारे आम्ही. तो मसुदा आम्ही चार महिने खणात ठेवला. रोज काही ना काही त्रुटी सापडे. छप्पर, मोटर, जमीन, शिल्लक लाकूड, सर्वांची किंमत त्यात धरली होती. परवान्याची मात्र कोठेच नव्हती. ही त्रुटी खरी होती आणि ती सापडल्याचा आम्हांला आनंद झाला, हेही खरे आहे. जे गाव आपण सोडले, तेथे आपला काही हक्क अद्याप शिल्लक आहे, हे सिद्ध करणारा कागद हाती असावा असे बदलीच्या नोकरीत कोणाला वाटत नाही? सही केली की गावी आमचा केवळ मुक्काम उरणार होता.

मार्चअखेरीची कामे उरकून एप्रिलमध्ये रजा काढली आणि दोन गाड्या बदलून घरी गेलो. बाबा गिरणीतच होते, कानस घेऊन दात लावीत बसलेले. ऐकू त्यांना आता कमी येते. पन्नास वर्षांच्या आवाजाने तेवढे घेतलेच. चुलतभाऊ ओंडके उलटीत होता. आम्ही मसुदा पुढे केला.

“हिशेब बरोबर आहे का?” बाबांनी विचारले.

“बेरीज बरोबर आहे. पण परवाना धरलेला नाही.”

बाबांनी शेजारची फळी ओढली आणि तीवर पेन्सिलीने एक रेघ मारली. “करवत रेघेच्या अलीकडून न्यायची की पलीकडून, हे आधी ठरवावे लागते. रेघेवरूनच नेलीस तर दोन्ही तुकडे अपुरे पडतात. घास जायचा आहेच. तो कोणाच्या बाजूने जायचा, एवढेच तू सांग.”

आम्ही चुलतभावाकडे पाहिले. तो आमच्याहून सात वर्षांनी लहान. ज्या जागी उभे राहण्यास आम्हांला मनाई झाली, त्या जागी तो अठराव्या वर्षापासून उभा आहे. त्याला मनाई करणारे कोणी नव्हते असे नाही. कोणीतरी उभे राहणे भाग होते. आमचे शिक्षण या फळ्यांवर झाले आणि ज्या वर्षांत आम्ही शहरात खोली घेऊन परीक्षा देत होतो, त्या वर्षांत तो पाचर मारायला शिकत होता. परवान्याची किंमत मांडायची तर याचीही मांडावी लागली असती. खणात चार महिने कागद ठेवून ही बाजू आम्ही एकदाही तपासली नव्हती.

“घास आमच्या बाजूने जाऊ द्या,” आम्ही म्हणालो आणि त्याच फळीवर कागद ठेवून सही केली. बाबांनी खाली आपली सही केली. काका मागे उभे होते. त्यांनी कागद घेतला, घडी घातली, आणि काही बोलायचे म्हणून चहा सांगितला.

पट्टा-करवत त्या वर्षीच्या दिवाळीनंतर बसली. तिचे पाते पातळ, घास जुन्याच्या जेमतेम निम्मा. एक फूट जाडीच्या चौरस ओंडक्यातून पूर्वी इंचाच्या दहा फळ्या निघत. आता अकरा निघतात, असे चुलतभावाने कळविले आहे. बाबा निवृत्त झाले तरी रोज सकाळी जातात आणि फळ्या मोजतात. जुनी करवत भिंतीला टांगली आहे. तक्रार आहे ती फक्त आईची: भुसा पूर्वीइतका पडत नाही, बंबाला पुरत नाही.