साधनांचीं वर्णनें

आजवर आम्हीं जें कांहीं लिहिलें तें माणसांनीं वाचावें म्हणून लिहिलें. तें किती माणसांनीं वाचलें, हा प्रश्न निराळा. परंतु अलीकडे आमच्यावर अशा एका वाचकासाठीं लिहिण्याचा प्रसंग आला आहे कीं, जो वाचतांच त्याप्रमाणें कृति करूं लागतो. हा वाचक म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘एजंट’ होय.

ह्या एजंटाच्या मुळाशीं जें भाषेचें मॉडेल असतें, त्याला हात नसतात. पत्र धाडणें, कपाटांतलें पुस्तक शोधणें, हीं कामें निरनिराळीं ‘टूल्स’, म्हणजे साधनें, करितात. २०२३ सालीं ओपनएआय कंपनीनें आपल्या मॉडेलांस अशीं साधनें जोडण्याची सोय प्रोग्रॅमरांस करून दिली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत अँथ्रॉपिक कंपनीनें ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा त्याविषयींचा खुला संकेत प्रसिद्ध केला. साधनाचें नांव, त्याचें वर्णन, आणि त्यास कोणती माहिती पुरवावयाची तिचा तक्ता, एवढेंच सामान्यतः मॉडेलापुढें येतें. साधनाच्या पोटांत काय चालतें हें त्यास दिसत नाहीं. वर्णन हेंच त्याच्या लेखीं साधन.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत असा एजंट बसविण्यांत आला. त्याच्यापाशीं दोन साधनें होतीं. एकाचें वर्णन, ‘पुस्तकाची स्थिति हाताळतें’. दुसऱ्याचें, ‘पुस्तकासंबंधीं कार्यवाही करितें’. पहिलें नुसती चौकशी करी, दुसरें पुस्तक राखून ठेवी. पण हें ज्यानें तीं साधनें घडविलीं त्यासच ठाऊक. ‘किंग लिअर आहे का?’ असें चौघां विद्यार्थ्यांनीं सहज विचारलें, आणि त्या नाटकाच्या चारही प्रती त्यांच्या नांवें राखल्या गेल्या. परीक्षा तोंडावर आलेली एक मुलगी तीन दिवस रिकाम्या हातानें परत गेली. यंत्रच बिघडलें, असें जो तो म्हणूं लागला. आम्हांस तसें वाटलें नाहीं. दुकानांत ‘साखर आहे का?’ असें विचारलें म्हणजे वाणी तराजूच पुढें ओढतो कीं नाहीं?

वर्णनें नव्यानें लिहिण्याचें काम भाषेचे मास्तर म्हणून आमच्याकडे आलें. जन्मभर इंग्रजी शिकविली; पण ह्या कामीं उपयोगीं पडलें तें आमचें न्यायशास्त्र. गाय म्हणजे शिंगें असलेलें जनावर, असें म्हटलें तर म्हैसही त्यांत शिरते, ही अतिव्याप्ति. गाय म्हणजे कपिल वर्णाची, असें म्हटलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. वरच्या दोन्हीं वर्णनांत इतकी अतिव्याप्ति होती कीं, तीं एकमेकांच्या जागीं खुशाल बसावीं. आम्हीं लिहिलें: ‘पुस्तकाच्या किती प्रती शिल्लक आहेत एवढेंच सांगतें; पुस्तक राखून ठेवीत नाहीं.’ दुसऱ्याचें: ‘वाचकानें राखून ठेवण्यास स्पष्ट सांगितल्यावरच वापरावें. वाचकाचा क्रमांक ठाऊक नसल्यास विचारून घ्यावा, कल्पनेनें भरूं नये. तारीख वर्ष, महिना, दिवस ह्या क्रमानें द्यावी.’ हें शेवटचें वाक्य क्षुल्लक दिसतें. परंतु ०३/०४ म्हणजे आम्हांस तीन एप्रिल, तर अमेरिकन माणसास चार मार्च.

प्रोग्रॅमर तरुण हुशार. त्यानें लांबीवर हरकत घेतली. प्रत्येक वर्णन मॉडेलाच्या वाचनाची जागा अडवितें आणि खर्च वाढवितें, हें त्याचें म्हणणें खरें आहे. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, असें आपल्याकडे म्हणतातच. पण सूत्रामागें भाष्य असतें, भाष्यामागें गुरु असतो. ह्या वाचकाला दोन्हीं नाहींत. तेव्हां आम्हीं ‘अत्याधुनिक’, ‘सर्वसमावेशक’ हीं विशेषणें तेवढीं छाटलीं. ‘नाहीं’ आणि ‘नये’ ठेविले.

ह्या वाचकाचा विश्वास मोठा भाबडा. परक्यानें घडविलेल्या साधनाच्या वर्णनांत गुप्तपणें एखादी दुष्ट आज्ञा दडवून ठेविली, तर तीही तो पाळूं शकतो, असें २०२५ सालीं संशोधकांनीं दाखवून दिलें आहे. म्हणून बाहेरचें साधन जोडण्यापूर्वीं त्याचें वर्णन माणसानें वाचावें, असा नियम आम्हीं ग्रंथालयाकडून करवून घेतला.

आतां मुलें ज्या बोलींत विचारतात त्याच बोलींतले वीस प्रश्न आम्ही यंत्रास घालतों, आणि तें कोणतें साधन उचलतें तें पाहतों. एकोणीस सुरळीत जातात. ‘लिअर मिळेल का?’ ह्या विसाव्याविषयीं मात्र आमचें व ग्रंथपालांचें अद्याप एकमत नाहीं. त्यांच्या मतें ती चौकशी, आमच्या मतें मागणी. तूर्त ‘संशय असल्यास वाचकासच विचारावें’ असें वर्णनांत घालून आम्हीं तो वाद यंत्राच्या गळ्यांत अडकविला आहे.