कुणाला न दाखवायची वही



चाळीस वर्षांहून अधिक काळ या देहाकडून कीर्तनसेवा घडली. आता गळा साथ देत नाही आणि गुडघे दोन तास उभे राहू देत नाहीत, म्हणून उदगीरला घरी बसलो आहे. रिकाम्या वेळी जुनी पेटी उघडली, तर तीत दोन प्रकारच्या वह्या निघाल्या. पहिल्या तुमच्या ओळखीच्या, प्रमाणांच्या. कोणत्या अभंगाला कोणते प्रमाण, कोणता दृष्टांत, कुठे चाल लावायची, हे सगळे त्यांत क्रमाने टिपलेले आहे. दुसऱ्या प्रकारची वही एकच. तिच्यावर नाव नाही आणि आत मथळे नाहीत. ती मी आजवर कुणाला दाखवली नाही, पुढेही दाखवणार नाही. पण ती का लिहिली, हे सांगावेसे वाटते.

२०१६ साल आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते वर्ष. विहिरींनी तळ दाखवला होता, तरी गावोगावचे सप्ताह बंद पडले नव्हते. अशाच एका गावी माझी सेवा होती. विषय होता, देव भक्ताची राखण कशी करतो. मंडप भरलेला, टाळकरी तयारीचे, पखवाजाला चांगला हात. दृष्टांत रंगले, मधूनमधून विनोद केले, माणसे पोट धरून हसली. कीर्तन छान झाले असे सगळ्यांनी सांगितले. मलाही तसेच वाटले.

आरती झाल्यावर दर्शनाच्या रांगेत एक म्हातारी आली. पायावर डोके ठेवून उठली आणि म्हणाली, "महाराज, तुम्ही म्हनलात देव धावत येतो. माझ्या लेकरापशी का नाही आला?"

तिचा तरणा मुलगा त्याच वर्षी गेला होता. कसा गेला, हे मंडपात सगळ्यांना ठाऊक होते. मी काय उत्तर दिले ? "माय, सगळी त्याची इच्छा." तोंडात ठरलेले होते ते बोललो. मागे रांग खोळंबली होती, मंडळी पाकीट घेऊन उभी होती, बाहेर गाडी चालू होती. ती काही न बोलता बाजूला झाली.

त्या रात्री झोप आली नाही. प्रमाणांची वही उघडली. तिच्या प्रश्नाला चालतील अशी दहा प्रमाणे तीत सापडली. एकेक वाचताना मनात पहिला विचार आला तो हा, की पुढच्या कीर्तनात हे चांगले रंगेल. त्याची लाज वाटली. ती वही मिटली आणि नातवाची एक कोरी वही घेऊन तीत एवढेच लिहिले, "मला उत्तर माहीत नाही."

माउली, हे वाक्य मी फडावर कधी बोलू शकलो नसतो. श्रोत्यांपुढे उभे राहिलेल्या माणसाला उत्तर माहीत असावेच लागते. श्रोता म्हणजे पांडुरंग, असे आम्हाला शिकवले आणि ते खरेच आहे. पण डोलणारी मान बोलणाऱ्याला हळूहळू आपल्या मागे नेते. ज्या वाक्याला हशा आला, ते पुढच्या गावी जरा लांबते. ज्या ठिकाणी मंडप गप्प बसला, ती जागा आपण गाळू लागतो. अशी दहा-वीस वर्षे गेली की निरूपण श्रोत्यांच्या आवडीचे होते आणि आपल्याला नक्की काय कळले आहे, याचा पत्ताच राहत नाही.

त्या वहीला मान नव्हती, म्हणून ती डोलत नव्हती. रोज रात्री हरिपाठानंतर अर्धे पान लिहायचे, असा नेम धरला. कधी त्या माउलीच्या प्रश्नाविषयी, कधी दिवसभरात मी कुठे खोटे बोललो त्याविषयी. लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली. तिने मला उत्तर मागितलेच नव्हते. मी थांबावे, एवढेच तिचे मागणे होते.

दुसऱ्या वर्षी त्या गावी गेलो. या वेळी कीर्तनाला नाही, नुसताच गेलो. तिच्या ओसरीवर बसलो. तिने पाणी दिले, मुलाचा फोटो दाखवला, त्याला कोणती भाजी आवडायची ते सांगितले. मी एकही प्रमाण म्हटले नाही. निघताना ती म्हणाली, "आज बरं वाटलं, महाराज." त्यानंतर माझ्या कीर्तनातले विनोद कमी झाले. तारखाही कमी झाल्या. तक्रार नाही.

कुणी वाचणार नाही ते लिहायचे कशाला, हा प्रश्न मलाही पडे. मग आंबाजोगाईचे दासोपंत आठवत. नाथमहाराजांच्या काळातले, १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. दत्ताचे उपासक. त्यांचा गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. आपल्यापैकी किती जणांनी तो पुरता वाचला असेल ? आणि त्यांची ती पासोडी ! चाळीस फुटांच्या आसपास लांब असे कापड आणि त्यावर पंचीकरणाचा विषय लिहिलेला. एवढे वस्त्र ना खांद्यावर टाकून मिरवता येते, ना सहज नक्कल करून कुणाला देता येते. ते लिहायला महापुरुषाने किती दिवस मान खाली घातली असेल, याचा विचार केला की माझे अर्धे पान मला जड वाटत नाही. लिहिणे हीच तिथे उपासना होती.

पण मोह सुटत नाही, हेही सांगितले पाहिजे. एप्रिल २०२२ मध्ये पंचाण्णवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या उदगीरला, उदयगिरी महाविद्यालयाच्या आवारात भरले. भारत सासणे अध्यक्ष होते. ग्रंथदिंडी निघाली. दिंडी म्हटल्यावर वारकऱ्याचे पाय घरी राहत नाहीत, मीही गेलो. मग पुस्तकांच्या गाळ्यांतून हिंडलो. मांडलेली ती पुस्तके पाहून मनात आले, आपली वही का छापू नये ? एका स्नेह्याने तर छापण्याची तयारीही दाखवली.

त्या रात्रीपासून मी लिहिलेली आठ-दहा पाने नंतर वाचली. भाषा सुंदर झाली होती. वाक्ये गोल झाली होती, जागोजागी दृष्टांत आले होते. आणि एकाही पानावर माझी चूक नव्हती ! वाचणारा अजून आलाही नव्हता, तो येईल एवढ्या आशेनेच मी पुन्हा फडावर उभा राहिलो होतो. ती पाने फाडली. स्नेह्याला नम्रपणे नाही म्हणून कळवले.

यावर कुणी म्हणेल, तुकोबारायांची गाथाही आधी वह्यांतच होती. संताजी जगनाडे महाराजांनी अभंग उतरून ठेवले, ते आपल्यापर्यंत पोचले. सरकारच्या मदतीने गाथा दोन खंडांत छापली गेली ती पुढे १८६९ आणि १८७३ साली. सगळे खरे. पण ते शब्द जगाला हवे होते, म्हणून जगाने ते जपले. आपली वही कधीतरी सापडेल आणि लोक वाखाणतील, ही आशासुद्धा कीर्तीचीच. ती जरा उशिराने मागितलेली, एवढेच. माझ्यामागे ही वही इंद्रायणीत सोडा, असे मुलाला सांगून ठेवले आहे. आणि ती वर येण्याची वाट पाहू नका, हेही.

मग हा लेख का छापायला दिला, असे तुम्ही विचाराल. विचारायलाच हवे. हा लेख लिहितानाही दोन ठिकाणी वाक्य गोल झाले, ते पुन्हा सरळ केले. एखादे राहिलेही असेल. सांगायचे एवढेच होते, की दुकानातून एक साधी वही आणा. तिच्यावर नाव घालू नका. हरिपाठ झाला की अर्धे पान लिहा आणि ज्या दिवशी काही सुचणार नाही, त्या दिवशी तसेच लिहा. घरात कुणी विचारले काय लिहिता, तर हिशेब लिहितो म्हणावे. ते खोटे होणार नाही.

पांडुरंग ती वही वाचतो की नाही ? मला उत्तर माहीत नाही. पण लिहिताना समोर दिवा असतो आणि खोटे लिहायला हात धजत नाही. मला तेवढे पुरते.

राम कृष्ण हरी.