पंचविसांतलं सातवं

आमच्या बैठकीच्या खोलीत एक कृष्णधवल छायाचित्र आहे. पावसात भिजणारी बंद गिरणीची चिमणी. खाली पेन्सिलीने ‘७/२५’ आणि छायाचित्रकाराची सही. बारा वर्षांपूर्वी बंगळुरूच्या एका गॅलरीत लालबागला वाढलेल्या ह्यांना ते दिसलं आणि चाळीस हजारांना घेऊन आले. मी चिडले, तेव्हा म्हणाले, “अगं, जगात पंचवीसच प्रती आहेत. ठेव समज.”

गेल्या वर्षी ह्यांच्या आजारपणात ती ठेव मोडायची वेळ आली. मोबाइलवर फोटो काढून गुपचूप चौकशी केली. गॅलरी म्हणाली, विकलेलं आम्ही परत घेत नाही. लिलाववाल्याने तीन प्रश्न विचारले. प्रमाणपत्र आहे? आहे. कागदावर डाग? नाहीत. या छायाचित्रकाराचं पूर्वी कधी लिलावात काही विकलं गेलंय? नाही. बोलणं तिथेच संपलं. वर कळलं, तीच चिमणी आता दुप्पट आकारात, नव्या दहा प्रतींत विक्रीला आहे.

फसवणूक म्हणावी, तर तसंही नाही. अमेरिकेतल्या विल्यम एगलस्टनची जुनी छायाचित्रं मोठ्या आकारात नव्याने छापून २०१२मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात आली. ३६ प्रतींचे सुमारे ५९ लाख डॉलर झाले. जुन्या, मर्यादित प्रती जपणारा एक संग्राहक कोर्टात गेला आणि हरला. नवा आकार आणि नवं तंत्र म्हणजे नवी आवृत्ती, असं ठरलं. उलट अँसल अ‍ॅडम्सने १९४१मध्ये टिपलेल्या ‘मूनराइज’च्या हजाराहून अधिक प्रती काढल्या, तरी २००६मध्ये त्यातल्या एकीला सहा लाख डॉलरच्या वर किंमत आली.

म्हणजे पेन्सिलीचा आकडा फक्त प्रती मोजतो, मागणारे मोजत नाही. सव्विसावा माणूस दारात उभा असेल, तरच पंचवीस हा आकडा लहान.

शेवटी माझ्या पाटल्या गेल्या. सराफाने दहा मिनिटांत वजन करून पैसे मोजले. छायाचित्रकार कोण, हे त्याला विचारावं लागलं नाही.

हे आता बरे आहेत. दुपारी चिमणीसमोर बसून असतात. परवा म्हणाले, “आता लाखाच्या घरात गेलं असेल, नाही?”

“असेल हो,” मी म्हटलं, आणि चित्रावर ऊन येऊ लागलं होतं म्हणून उठून पडदा ओढला.