गाळण्यावर उरलेलं

पाणी गाळून प्यावं, हे आपल्या घरांत मुलींना मुद्दाम शिकवावं लागत नाही. दुहेरी कापडाचं गाळणं, गाळलेल्या पाण्याला दोन घटिकांची म्हणजे 48 मिनिटांची मुदत, आणि मग जिवाणी. गाळण्यावर उरलेले जीव ज्या विहिरीचे, त्याच विहिरीत अलगद सोडायचे. सासूबाईंचा सगळा कटाक्ष या शेवटच्या पायरीवर असे.

आता बेळगावात पाणी येतं ते राकसकोपहून नाहीतर हिडकलहून. नळाला गाळणं बांधता येतं, पण जिवाणी न्यायची कुठे?

आपलं गाळणं म्हणजे अडाणीपणा, असं मात्र कुणी म्हणू नये. रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना जुनी सुती साडी चौपदरी करून पाणी गाळायला लावलं. 2003 साली निष्कर्ष छापून आले. कॉलरा जवळजवळ निम्म्याने घटला होता! त्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात, आणि ते जीव कापडात अडकतात.

पण कापडालाही मर्यादा आहेच. 1993 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी पसरला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. आकाराने चार ते सहा मायक्रॉन, क्लोरीनला दाद न देणारा. अशांसाठी पडद्याची गाळणी, म्हणजे मेंब्रेन. शेवयांसारख्या पोकळ तंतूंची जुडी असते, आणि तंतूंची छिद्रं मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही बारीक.

ती थेट शहराला जोडत नाहीत. आधी एक छोटा संच त्याच नदीच्या, त्याच तलावाच्या पाण्यावर काही महिने चालवून बघतात. पावसाळ्यातलं गढूळ पाणी, उन्हाळ्यातलं शेवाळ, सगळं त्याला दाखवायचं. पाणी ढकलायला जोर किती लागतो, छिद्रं किती दिवसांत तुंबतात, उलटं पाणी सोडून धुतल्यावर किती मोकळी होतात, याची नोंद ठेवायची. हवेचा दाब देऊन तंतू कुठे तुटलाय का तेही बघायचं. आपण गाळणं उजेडाकडे धरून भोक शोधतो, तसंच हे.

मला यात अडतं ते धुवणाच्या पाण्यापाशी. गाळण्यावर उरलेलं सगळं त्यातच असतं. साध्या पाण्याने धुतलेलं असेल तर गाळ बसवून ते पुन्हा वापरता येतं. पण अधूनमधून पडदा क्लोरीनने, आम्लाने धुवावा लागतो. ते पाणी तसंच नदीत सोडलं तर खालच्या माशांचं काय व्हायचं? म्हणून नुसतं ‘मेंब्रेनमध्ये हिंसा नाही’ म्हणून मी हुरळून जाणार नाही.

बायांनो, आपल्या गावात असा प्रयोग कधी झाला, तर ‘पाणी किती स्वच्छ निघालं?’ हे सगळेच विचारतील. धुवणाचं पाणी कुठे जातं, हे आपण विचारायचं. जिवाणीचा संस्कार आपल्यावर आहे, तर हा प्रश्न आपल्याच तोंडी शोभतो. स्वच्छ पाणी हंड्यात आलं की गाळणाऱ्याचं काम संपत नाही.