आतून रंगलेले ओठ

सोलापूरच्या आमच्या घरात बायकांचे ओठ लाल झालेले चालायचे, फक्त त्याला काहीतरी कारण लागायचं. जेवणानंतर आजी विडा लावायची. चुना, कात, सुपारी एकत्र आली की लाल सुटतो. तो आधी जिभेवर चढायचा, मग ओठांच्या आतल्या अंगाला, आणि कडेपर्यंत येता येता फिका व्हायचा. कुणाचा विडा किती रंगला यावरून लेकीसुनांची थट्टा चालायची. आईकडे मात्र लॅक्मेची एकच मरून लिपस्टिक होती. लग्नाकार्याला ती कपाटातून निघायची आणि उंबरा ओलांडण्याआधी निम्मी रुमालात जायची. विड्याला जेवणाचं निमित्त होतं. लिपस्टिकला कसलंच नव्हतं.

मी कॉलेजात गेले ते नव्वदच्या दशकात. कॉफी रंगाच्या लायनरनं ओठांची कड आखायची आणि आत फिका रंग भरायचा, अशी तेव्हाची फॅशन. रेघ लांबून दिसली पाहिजे, हाच त्यातला आनंद. आईच्या रुमालाला माझं ते उत्तर होतं.

लेक कोरियन मालिका पाहत मोठी झाली आणि तिच्या आरशासमोर मला सगळंच उलटं दिसलं. मी जी कड आखत होते, ती ही आधी पुसून टाकते. बाम लावून टिपते, मग कन्सीलर बोटावर घेऊन ओठांच्या कडा झाकते. 2008 साली आयोपे या कोरियन ब्रँडनं कुशन फाउंडेशन आणलं. त्याच्या स्पंजावर उरलेलं फाउंडेशनही या कामाला चालतं. मग ओठ मिटतात तिथे टिंटचे ठिपके, आणि ते सुकायच्या आत अनामिकेनं बाहेरच्या दिशेनं थोपटायचं. घासायचं नाही, पट्टे पडतात. दुसरा हात फक्त आत. लिपस्टिकचा रंग मेणासोबत ओठांवर बसतो, टिंट कातडीत मुरतो, म्हणून चहा पिऊनही आतला लाल टिकतो. एवढा खटाटोप कशाला, तर हा रंग माझा स्वतःचाच आहे असं वाटावं म्हणून. म्हणजे पुन्हा निमित्तच, फक्त विडा न खाता मिळवलेलं.

कोरियातला जुना लाल कशाचा, हे कळलं तेव्हा मला हसू आलं. जोसॉन राजवटीच्या काळात नवरीच्या गालांवर आणि कपाळावर जे लाल ठिपके लावत, त्यांचा रंग, म्हणजे योंजी, करडईच्या फुलांपासून करत. फुलं धुऊन पिवळा रंग काढून टाकायचा, राखेच्या पाण्यात लाल सोडवायचा आणि आंबट घालून तो खाली बसवायचा. आमच्या सोलापुरात रब्बीला करडई असतेच. कोवळी असताना तिची भाजी होते, पुढे बियांचं तेल. त्या काटेरी बोंडावर ओठांचा रंग वाळून जातोय, हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं.

परवा लेकीनं मलाही बसवलं. तिचा कन्सीलर माझ्या ओठांवर राखाडी दिसू लागला. आमच्याकडच्या बऱ्याच ओठांची कड सावळी आणि आतली बाजू गुलाबी असते. त्या कडेवर फिका रंग थापला की चेहरा आजारी दिसतो. तिनं सुचवलं, कन्सीलरमध्ये थोडा केशरी मिसळू. मी म्हटलं, राहू दे. कड आहे तशी ठेवली, विटकरी टिंट फक्त आत लावला आणि थोपटला. सावळ्यातून विटकरी, विटकरीतून लाल असा तो चढत गेला. काही लावलेलं नाही असं मुळीच दिसत नव्हतं, आणि या वयात मला तसं दिसायचंही नव्हतं. निमित्तं सांगण्यात दोन पिढ्या गेल्या, तेवढं पुरे.

‘‘आई, पण हे कोरियन नाही झालं,’’ लेक म्हणाली.

नसेल. करडई तरी कुठे एकट्या कोरियाची आहे!