सावलीचे बारा

सुट्टीच्या दिवशी शाळेचे फाटक उघडे दिसले, की कोणा तरी मुलाचा सण बुडत असल्याची शंका माझ्या मनात प्रथम येते. ही शंका निष्कारण नाही. सदतीस वर्षे मी प्राथमिक शाळेत शिकवले, आणि त्यांपैकी निदान पंधरा वर्षे तरी मुलांचे सण बुडवण्याचा उद्योग मी स्वतः मोठ्या निष्ठेने केला. माझी रीत साधी होती. सणाच्या आदल्या दिवशी फळ्यावर सणाचे नाव लिहावयाचे, त्याखाली 'वीस ओळी' एवढे दोन शब्द लिहावयाचे आणि घंटा झाली की समाधानाने घरी जावयाचे. सुट्टी वाया जाऊ नये, एवढीच माझी तळमळ! परवाच्या दिवशी चाळीस वह्या टेबलावर येत. चाळीसही वह्यांतील पहिली ओळ एकच असे, आणि शेवटचीही बहुधा एकच.

अपवाद एका वहीचा. निबंध रामनवमीवरचा होता. त्या मुलाची एकोणीस ओळींतच सामग्री संपली असावी. म्हणून विसावी ओळ त्याने अशी लिहिली होती, की निबंध पुर्ण करावयाचा असल्यामुळे मी पाळण्याला गेलो नाही. मी तांबड्या शाईने 'पुर्ण'चा उकार दीर्घ केला, खाली 'अक्षर चांगले' असा शेरा मारला आणि पुढची वही ओढली. त्या ओळीचा अर्थ माझ्या ध्यानात यावयास किती काळ लागला, हे सांगावयाचा संकोच वाटतो. शुद्धलेखन तपासणाऱ्याला वाक्याचा अर्थ नेहमीच शेवटी कळतो.

असा मी गृहस्थ 2024 सालच्या रामनवमीला, म्हणजे 17 एप्रिल रोजी, जालना जिल्ह्यातील जांब समर्थ या गावी जाऊन पोचलो. घनसावंगी तालुक्यातले हे गाव. समर्थ रामदासांचा जन्म येथला. शके 1530 मधील, म्हणजे सन 1608 मधील, चैत्र शुद्ध नवमीचा, आणि तोही ऐन रामजन्माच्या वेळचा, असे परंपरा सांगते. देवाची आणि भक्ताची तिथी एक, वेळही एक. तेव्हा या गावाला त्या दिवशी दुहेरी उत्सव. आमचे एक स्नेही दरसाल येथे येतात, त्यांनी मला बरोबर घेतले. सकाळी साडेदहाच्या सुमारास ऊन असे तापले होते की रस्त्याकडेच्या पऱ्हाट्यांच्या गंजीकडे पाहताना डोळे मिटत. स्नेही देवळात गेले. मी सावली शोधीत एका लिंबापाशी आलो, तो समोर शाळेचे अंगण आणि फाटक सताड उघडे!

आत पंधरा-वीस मुले भर उन्हात एका काठीभोवती उकिडवी बसली होती. हातात वही कोणाच्याच नव्हती, हे मी आधी पाहून घेतले. काठी दोन हातांची, ओळंबा लावून सरळ रोवलेली. तिच्याभोवती चुन्याचे वर्तुळ, आणि वर्तुळावर दोन ठिकाणी दोन खडे. काठीच्या बुडापासून उत्तरेकडे एक रेघ गेलेली. मुले डोळ्यांची पापणी न लववता काठीच्या सावलीकडे पाहत होती. एवढ्यात सावलीचे टोक चुन्याच्या रेषेच्या आत सरकले आणि एकच गिल्ला झाला, "आत आली! सर, आत आली!"

ते 'सर' म्हणजे तिशीतला एक तरुण शिक्षक. मी जुना मास्तर आहे असे सांगताच त्याने मला खुर्ची दिली. ती मी नाकारली, कारण खुर्चीवरून सावली दिसत नव्हती. मग मुलांनीच मला सारा प्रकार समजावून सांगितला. आदल्या दिवशी सकाळी सावली लांब होती. ती आखडत आखडत पावणेअकराच्या सुमारास वर्तुळाच्या आत शिरली, तेथे पहिला खडा. दुपारी लांबत लांबत दोन वाजून गेल्यावर बाहेर पडली, तेथे दुसरा. दोन्ही खड्यांपासून काठीपर्यंत सुतळी ताणली आणि मधला कोन बरोबर दुभागला, की जी रेघ येते ती खरी उत्तर दिशा. आज सावली त्या रेघेवर टेकली, की तो खरा मध्यान्ह. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत हिलाच शंकूची रीत म्हणतात. मी शंकू शिकवला तो फक्त घनफळाच्या सूत्रापुरता. काठीलाही शंकू म्हणतात आणि तिच्यावर दिशा व वेळ दोन्ही ठरतात, हे मला त्या अंगणात तिसरीतल्या एका मुलीने सांगितले.

लिंबाखाली दुसरा तांडा होता. एका बादलीत पाणी भरून त्यात जर्मनची वाटी सोडली होती, आणि वाटीच्या बुडाला बारीक छिद्र होते. हे घटिकापात्र. दिवसरात्रीच्या साठ घटिका, एक घटिका चोवीस मिनिटांची. वाटी भरून बुडाली की घटिका भरली. आमच्या लहानपणी 'घटका भरली' हा शब्द आम्ही केवळ मरणाऱ्या माणसाविषयी ऐकत असू; त्यात एक वाटी बुडत असते, ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती. मुलांची पहिली वाटी सात मिनिटांतच तळाला गेली म्हणे. मग त्यांनी छिद्रात मेण भरले आणि सुईने नवे भोक पाडले, तेव्हा ती एकोणीस मिनिटे टिकली; पुन्हा मेण, पुन्हा सुई. आजची ही सहावी वाटी होती. एक पोर पाण्याकडे टक लावून होता आणि वाटीचे काठ पाण्याला टेकू लागताच तो ओरडला, "सावधान!"

मी दचकलो. मग उमगले. लग्नात अंतरपाट धरल्यावर पूर्वी अशीच वाटी तरंगत असे, आणि मुहूर्ताची घटका भरत आली की ब्राह्मण सावध करीत. बारा वर्षांचा नारायण ज्या शब्दासरशी मांडवातून पळाला, असे या गावचे पोरसुद्धा सांगते, तो शब्द त्या पोराने बादलीवर बसून अगदी योग्य जागी उच्चारला होता. दासबोधाच्या कर्त्याचे चरित्र मी वर्गात दहा वेळा तरी सांगितले असेल. पण 'सावधान' हा शब्द म्हणजे वेळ मोजणाऱ्याची आरोळी आहे, असे माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

सव्वाअकराला खरा पेच उभा राहिला. सावली रेघेपासून अजून पुष्कळ दूर होती, आणि देवळातल्या बाराला तर पाऊणच तास उरला होता. एका मुलाने सरळ विचारले, "सर, मग रामाचा जन्म घड्याळाच्या बाराला का सावलीच्या?"

शिक्षकाने उत्तर दिले नाही. त्याने पृथ्वीचा गोल आणला. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे, म्हणजे मिर्झापूरच्या बाजूचे; जांब आहे सुमारे शहात्तरावर. फरक साडेसहा अंशांचा. एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. मुलांनी मातीत बोटाने गुणाकार केला आणि 26 हा आकडा काढला. म्हणजे जांबाला खरे बारा वाजतात ते बारा वाजून सव्वीस मिनिटांनी! एक घटिका आणि वर दोन मिनिटे. सावलीचे आणि घड्याळाचे अंतर त्या दिवसांत एवढेच येते; वर्षाच्या इतर काळी ते थोडेफार कमीजास्त होते.

मला 1906 सालची गोष्ट आठवली. त्या वर्षी 1 जानेवारीला हिंदुस्थानात एक प्रमाणवेळ लागू झाली, आणि मुंबईकरांनी ती मानावयाचे नाकारले. आमचे बारा तुम्ही एकोणचाळीस मिनिटे अलीकडे का ओढता, असा त्यांचा सवाल होता, आणि पुढे कित्येक वर्षे त्या शहरात दोन वेळा नांदत होत्या. त्यातले हट्टाचे सोडले, तर प्रश्न या पोराचाच होता. देवळातल्या मंडळींचे मात्र यात काही चुकत होते असे नव्हे. आपल्या धर्मशास्त्राने दिवसाचे पाच भाग केले आहेत आणि मध्यान्ह हा त्यांतला तिसरा भाग. तो चांगला दोन-अडीच तासांचा असतो. एवढ्या ऐसपैस मध्यान्हात घड्याळाचे आणि सावलीचे, दोन्ही बारा सुखाने मावतात.

हे मी मुलांना सांगणार, तो शिक्षकाने टाळी वाजवली. "चला, हातपाय धुवा. पाळण्याला जायचं."

"आणि सावली?" मी विचारले.

"राहील ती," तो हसून म्हणाला. "कीर्तन संपत आलं असेल."

वाचकहो, त्या क्षणी माझ्या मनात जे आले ते लपवण्यात अर्थ नाही. मला राग आला. दोन दिवसांचा प्रयोग, ऐन शेवटच्या घटकेला असा वाऱ्यावर सोडावयाचा? "अजून थोडा वेळ थांबवा त्यांना," असे मी बोलूनही गेलो. बोललो आणि ओशाळलो. वीस ओळींचा निबंध घालणारा तो मास्तर सेवानिवृत्त झाला असे मी समजत होतो. तो लिंबाखाली दबा धरून बसला होता. शिक्षक काही बोलला नाही. मुले तोवर फाटकापर्यंत पोचलीही होती. अखेर मीच म्हणालो, "तुम्ही जा. मी बसतो सावलीपाशी."

अंगण एकदम रिकामे झाले. मी आणि काठी. बाराच्या ठोक्याला देवळातून घंटा, टाळ आणि आरोळ्यांचा एकच कल्लोळ उठला. घरांच्या छपरांवरून गुलालाचा तांबूस धुरळा वर चढताना दिसला. माझे स्नेही त्या धुरळ्यात कोठे तरी असतील. मी येथवर आलो होतो पाळणा पाहावयास, आणि बसलो होतो एका काठीची राखण करीत! सावली आता वीतभरही उरली नव्हती, आणि मुंगीच्या पावलाने रेघेकडे येत होती. बारा दहा. बारा पंधरा. मला ती वही आठवली, तिच्यातली विसावी ओळ आठवली, आणि त्या मुलाच्या घरावरूनही असाच धुरळा गेला असेल, हेही प्रथमच मनात आले.

बारा वीसला पायांची धडधड ऐकू आली. आधी आली ती तिसरीतली मुलगी, कपाळापासून गळ्यापर्यंत गुलालाने माखलेली. मागून सारा घोळका, आणि सर्वांत शेवटी धापा टाकीत शिक्षक. "टेकली का? टेकली का?" मुले पुन्हा वर्तुळाभोवती बसली. या वेळी कोणी बोलत नव्हते. सावलीचा काठ रेघेला लागला, मग सारी सावली रेघेवर येऊन निजली. माझ्या मनगटावरच्या घड्याळात बारा वाजून सव्वीस मिनिटे होत होती. एका पोराने केसांतला गुलाल झटकून चिमूटभर सावलीच्या टोकावर टाकला, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

मग शिक्षकाने सांगितले, की मेच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येईल की सूर्य बरोबर डोक्यावर असेल आणि या काठीला सावलीच राहणार नाही. "पण तेव्हा तर उन्हाळ्याची सुट्टी," तो म्हणाला. "मग काय झालं?" मुलांतून आवाज आला, "काठी तर इथंच हाय की." कोणी पहारा द्यावयाचा, यावर त्यांची तेथल्या तेथे भांडणे सुरू झाली.

मी उठलो. ती मुलगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि तिने मूठ उघडली. घामाने ओलसर झालेला, गुलालाने थोडा रंगलेला सुंठवडा तिच्या तळहाताला चिकटला होता.

"बाबा, तुमचा पाळणा राहिला ना," ती म्हणाली. "म्हणून आणला."

मी हात पुढे केला. सावली तोवर रेघेच्या पलीकडे सरकली होती.